नाममुद्रा कोणाच्या मालकीची?

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या तालुक्याच्या गावातील एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा एक नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. निवृत्त प्राध्यापकाला कायद्यातलेही सारे कळते, असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. नोटीस वकिलाची होती. गट ज्या नावाने गोडा मसाला आणि मेतकूट विकतो ते नाव आपल्या अशिलाचे रीतसर नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. सबब गटाने पंधरा दिवसांच्या आत त्याचा वापर थांबवावा आणि छापलेली वेष्टने नष्ट करावीत, असे तिच्यात बजावले होते. हा अशील म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून, सहा वर्षे गटाचाच माल उचलणारा घाऊक व्यापारी होता.

ते नाव गटातील एका वृद्ध सभासद बाईंनी सुचवलेले होते. नावाशेजारचे जात्याचे चित्र त्यांच्या नातीने शाळेच्या वहीत काढलेले होते. व्यापाऱ्याने एवढेच केले की, वहीचे ते पान छापखान्यात नेऊन दोन रंगांत पाच हजार वेष्टने छापून आणली आणि त्याच सुमारास व्यापारचिन्हाचा अर्ज स्वतःच्या नावाने दाखल केला. पुढे दुसऱ्या गावच्या गिरणीतून स्वस्तात मसाला मिळू लागला, तेव्हा त्याने तो त्याच वेष्टनांत भरायला सुरुवात केली. गटाची त्याला गरज उरली नाही.

“सर, मसाला आमचा, हात आमचे, नावही आम्हीच ठेवलेलं. मग ते त्यांचं कसं झालं?” असे त्या बाईंनी विचारले. तीन दशकांहून अधिक काळ अर्थशास्त्र शिकवूनही या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मला देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. आपल्या विचाराच्या मंडळींनी बोधचिन्हे, वेष्टने, नाममुद्रा या साऱ्या प्रकाराकडे आजवर तुच्छतेनेच पाहिले. साबण तोच, पण वेष्टन बदलून दोन रुपये अधिक काढण्याची ही भांडवलदारांची हातचलाखी आहे, अशी आपली धारणा होती. वर्गात मीही तेच शिकवत असे, आणि त्याला आधारही होता. एडवर्ड चेंबरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३३ साली मक्तेदारीयुक्त स्पर्धेचा सिद्धान्त मांडला, तेव्हा व्यापारचिन्हाला त्याने एका छोट्या मक्तेदारीचेच स्वरूप आहे असे दाखवले. मालात अत्यल्प फरक असला तरी नाव निराळे असल्यामुळे ग्राहकाच्या मनात तो माल निराळा ठरतो, आणि त्या निराळेपणाची किंमत उत्पादक वसूल करतो. पुढे १९५८ साली गालब्रेथ यांनी आपल्या ‘द अॅफ्ल्युएंट सोसायटी’ या ग्रंथात यावर कळस चढवला. ज्या उत्पादनामुळे गरजा भागतात असे आपण म्हणतो, ते उत्पादनच जाहिरातीच्या द्वारे गरजा निर्माण करीत असते, असे त्यांनी म्हटले. यातील काहीही मला आज खोटे वाटत नाही. मात्र ते अर्धे सत्य आहे असे वाटू लागले आहे.

उरलेले अर्धे सत्य १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडले. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे, घेणाऱ्याला तो ठाऊक नाही, अशी स्थिती असेल तर घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून उठतो आणि वाईट माल शिल्लक राहतो. या अनर्थावरचे जे उपाय अकरलॉफ यांनी नोंदवले, त्यांत नाममुद्रा हाही एक उपाय होता. सुट्या हळदीत काय मिसळले आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. पाकिटावर नाव असेल तर निदान पुढच्या वेळी ते पाकीट टाळता तरी येते. नाव म्हणजे तक्रार कोठे न्यावी याचा पत्ता होय. या अर्थाने नाममुद्रा हे एक वचन आहे, आणि ते वचन पाळण्याची खरी गरज मोठ्या कारखानदारापेक्षा लहान उत्पादकाला अधिक असते. कारण त्याच्याजवळ जाहिरातीला पैसा नसतो, असते ती केवळ गिऱ्हाइकाची आठवण.

आता ही आठवण निर्माण कशी होते, ते पाहा. आमच्या गटातील बायकांनी सहा वर्षे धणे एकाच प्रकारे भाजले, दगडफूल निवडून घातले, मिरचीत हात आखडला नाही. घेणाऱ्यांनी सहा वर्षे ती चव चाखली आणि जात्याच्या चित्राशी तिची सांगड घातली. नावाची किंमत म्हणून जी काही वाढली ती करणाऱ्यांच्या कष्टांतून आणि घेणाऱ्यांच्या अनुभवातून वाढली. नोंदवहीत मात्र त्या किमतीचा मालक म्हणून तिसऱ्याच माणसाचे नाव लागले. श्रम एकाचे आणि संचय दुसऱ्याचा, हा आपल्या परिचयाचाच प्रकार आहे. फरक इतकाच की, येथे जमीन किंवा यंत्र नाही. बळकावण्याची वस्तू चार अक्षरे आणि एक चित्र एवढीच आहे. तिला कुंपण नसते आणि ती गेल्याचेही लवकर ध्यानात येत नाही.

केवळ नावाच्या मालकीवर अख्खा धंदा कसा चालतो, याचे महाराष्ट्राला सर्वांत परिचित उदाहरण बिडीचे आहे. सिन्नर, संगमनेर, सोलापूर या भागांत ज्यांनी बिडी कामगारांची घरे पाहिली आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको. तेंदूची पाने, तंबाखू, सूत आणि कात्री एवढ्यावर बिडी होते. यंत्र नाही, मोठी जागा नाही, कसब सारे बाईच्या बोटांत. मग ती स्वतःच बिड्या वळून का विकत नाही? कारण गिऱ्हाईक बिडी मागत नाही, विशिष्ट छापाची बिडी मागते. छापाचा कागद कारखानदाराजवळ असतो. तो मधल्या ठेकेदाराकरवी पाने-तंबाखू घरोघर पोहोचवतो, वळलेल्या बिड्या मोजून घेतो, खराब ठरवलेल्यांचे पैसे कापतो, आणि शेवटी गठ्ठ्यावर आपला कागद चिकटवतो. कारखाना म्हणून जे काही उरते ते या कागदात असते. १९६६ साली संसदेने बिडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा केला, तेव्हा मालक कोण हे ठरवण्याचाच प्रश्न बिकट झाला होता. कारण कामगाराच्या समोर ठेकेदार उभा, आणि छापाचा धनी पडद्याआड.

या कायद्याच्या अंमलबजावणीच्या वेळी केरळात जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १९६८ साली मंगळूरच्या मोठ्या बिडी कारखानदारांनी कायद्याच्या अटी मान्य करण्याऐवजी कण्णूर भागातील आपली कामे बंद केली. सुमारे बारा हजार कामगार बेकार झाले. कसब त्यांच्याजवळ होते, संघटना होती, पण छाप नव्हता. १९६९ साली राज्य सरकारच्या साह्याने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने ‘दिनेश’ हे नाव घेतले. किमान वेतन, रजा, निवृत्तिवेतन हे सारे देऊनही त्या नावाने दक्षिणेच्या बाजारात आपली जागा निर्माण केली. पुढे बिडीचा खप घसरू लागला. आरोग्याच्या दृष्टीने ते इष्टच होते. तेव्हा नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या, तयार कपडे अशा वस्तूंकडे मोहरा वळवला. धंदा बदलला तरी नाव बरोबर आले, कारण ते कामगारांचे स्वतःचे होते. छाप जर भाड्याचा असता, तर बिडीबरोबर कामगारांचीही राख झाली असती.

दुसरे उदाहरण मुंबईचे आणि अधिक घरगुती आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. १९६२ साली आपल्या मालाला नाव हवे असे त्यांना वाटले, तेव्हा त्यांनी एक स्पर्धा ठेवली. पाच रुपयांचे बक्षीस होते आणि निवडलेले नाव ‘लिज्जत’. एखाद्या नामांकित जाहिरातसंस्थेची पायरी न चढता ठेवलेले हे नाव पुढे देशभर गेले. त्याचे कारण मला त्या शब्दापेक्षा त्यामागच्या शिस्तीत दिसते. पीठ शाखेत एकत्र मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात, वाळलेले पापड तपासून घेतले जातात, आणि मजुरी हातोहात मिळते. हजारो स्वयंपाकघरांतून आलेला पापड एकाच चवीचा असतो, म्हणून त्यावरील नाव खरे ठरते. शिवाय ते नाव संस्थेचे आहे आणि काम करणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक आहे. घरी काम करणारी बिडी कामगार आणि घरी काम करणारी पापड कामगार यांच्या बोटांतल्या कष्टांत फारसा फरक नाही. फरक आहे तो वेष्टनावरील नाव कोणाचे, या एका गोष्टीत.

नाव आहे, नोंदणीही आहे, तरी करणारा बाहेरच, असाही एक प्रकार असतो. कोल्हापुरी चपलेच्या निमित्ताने तो नुकताच आपल्या डोळ्यांसमोर आला. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. मानांकनाचे नोंदणीकृत धनी मात्र दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे आहेत. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने थेट कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या आणि त्यांच्या उगमाचा उल्लेखही केला नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे जे नोंदणीकृत धनी आहेत त्यांनीच दाद मागायला हवी, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला आणि सुमारे दोन हजार जोड महाराष्ट्रात व कर्नाटकात करून घेण्याचे ठरवले. जोडाची किंमत सुमारे ८०० युरो जाहीर झाली.

हा करार मी वाईट म्हणणार नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, मानांकन हे प्रदेशाचे नाव असते. ते करणाऱ्याचे नाव नसते. कापशीच्या नावाने चपलेचा एक प्रकार प्रसिद्ध आहे, पण तो जोड कोणी शिवला हे गिऱ्हाइकाला कधी कळत नाही. दुसरी अशी की, मानांकन वापरण्यासाठी प्रत्येक कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. त्याचे शुल्क ५०० रुपये होते. ते २०२० साली १० रुपयांवर आणले गेले. शुल्काचा अडसर असा दूर झाला, पण अर्ज, कागदपत्रे आणि त्यांचा पाठपुरावा हा अडसर तसाच आहे. दहा रुपये भरण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागत असेल, तर ते शुल्क दहा रुपयांचे नसते.

येथपर्यंत मालकीविषयी लिहिले. आता ज्यांच्या हातून ही चिन्हे आकाराला येतात त्यांच्याविषयी लिहिणे प्राप्त आहे. कारण तेही श्रमिकच आहेत, याचा विसर त्यांना स्वतःला आणि आपल्यालाही पडतो. १९७१ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने एका बूट विकणाऱ्या छोट्या कंपनीसाठी एक वळणदार खूण काढून दिली. मोबदला मिळाला ३५ डॉलर. ती कंपनी म्हणजे नायके. १९८३ साली कंपनीने तिला काही समभाग दिले, हे खरे; परंतु ती कंपनीची उदारबुद्धी होती, तिचा हक्क नव्हता. त्याच १९७१ साली आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेतील शेखर कामत यांच्या हातून स्टेट बँकेचे बोधचिन्ह तयार झाले. एक निळे वर्तुळ, मध्ये लहान छिद्र आणि खाली उतरणारी एक रेघ. मुख्यालयाच्या काचेवर ते जसे शोभते, तसेच खेड्यातल्या शाखेच्या पत्र्याच्या पाटीवरही नीट उमटते. साधेपणा हे गरिबीचे लक्षण नव्हे, तो एक कठीण गुण आहे, हे त्या चिन्हाकडे पाहिले की पटते.

मराठी मुलखात तर अक्षरांची परंपरा मोठी आहे. कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची शीर्षके वर्तमानपत्रात नुसती दिसली तरी नाटक ओळखू येई. त्या अक्षरांतच नाटकाचा स्वभाव उतरलेला असे. कोल्हापूरकडच्या र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षराचा ध्यास घेऊन आयुष्यभर काम केले, आणि संगणकावर लाखो लोक रोज जो ‘मंगल’ टंक पाहतात तो त्यांच्याच हातचा आहे. या दोन मोठ्या नावांच्या मागे गावोगावचे पेंटर उभे होते. दुकानाची पाटी, दुधाच्या गाडीवरचे नाव, सोसायटीचा फलक ते हाताने रंगवीत. प्रत्येक गावचे वळण थोडे निराळे असे. फ्लेक्स आला आणि ते हात बेकार झाले. आज कोणत्याही तालुक्याच्या बाजारात फिरा, सर्व पाट्यांवर तीच दोन-तीन वळणाची अक्षरे, तीच हिरवी पाने, तोच अंबाडा घातलेल्या बाईचा चेहरा. आता तर यंत्राला दोन ओळी सांगितल्या की ते क्षणात दहा बोधचिन्हे काढून देते. फुकट मिळते म्हणून लहान उद्योजक ते घेतो, आणि दहा गावांतले दहा मसाले एकमेकांच्या जुळ्या भावंडांसारखे दिसू लागतात. ओळख पटावी म्हणून काढलेल्या चिन्हानेच ओळख पुसली जावी, यापरता दैवदुर्विलास कोणता?

येथे तरुण डिझायनर मंडळींना दोन शब्द सांगावेसे वाटतात. मोठ्या कंपनीला चिन्ह काढून देताना तिच्याजवळ वकील असतो, हिशेबनीस असतो, बाजाराचा अभ्यास असतो. लहान उद्योगाजवळ यांपैकी कोणीही नसते. असता ते तुम्हीच. म्हणून त्याला चित्र देऊन तुमचे काम संपत नाही. हे नाव आधी कोणी नोंदले आहे का, हे त्याला पाहायला सांगा. एकाच रंगात, रबरी शिक्क्यानेही उमटेल असे चिन्ह द्या, कारण चार रंगांची छपाई त्याला दर महिन्याला परवडणार नाही. अक्षर देवनागरीचे मुळातून घडवा, इंग्रजी वळणाला शिरोरेघ लावून नव्हे. आणि मोबदला मागताना संकोच करू नका, पण तो कशाचा हे स्पष्ट लिहून द्या. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार पगारी नोकरीत केलेल्या कलाकृतीचा हक्क मालकाकडे जातो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच दिला असे मानले जाते. कागद नसला तर उद्या डिझायनर फसतो किंवा लहान उद्योजक फसतो. दोन दुबळ्यांनी एकमेकांना असे कोंडीत पकडण्यात कोणाचेही हित नाही.

या साऱ्यावर एक आक्षेप आपल्याच माणसांकडून येईल. प्रत्येक गटाने आपापले नाव आणि आपापले चिन्ह घेऊन बाजारात उतरायचे, म्हणजे गरिबांनी गरिबांशीच स्पर्धा करायची की काय? आक्षेप रास्त आहे. वीस गटांची वीस मसाल्यांची पाकिटे एकाच आठवडे बाजारात एकमेकांचे भाव पाडताना मी पाहिली आहेत. पण त्यावरचा उपाय नाव टाकून देणे हा नव्हे. नाव एकत्रितपणे धारण करणे हा आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात सामूहिक चिन्हाची तरतूद आहे. एखाद्या संघाने चिन्ह नोंदवावे आणि नियम पाळणाऱ्या सर्व सभासदांनी ते वापरावे, अशी ती कल्पना आहे. दर्जाचे नियम कोण ठरवणार, तपासणी कोण करणार, मोडणाऱ्याला काय शिक्षा, हे संघालाच ठरवावे लागते. म्हणजे चिन्हाच्या मागे आपोआप एक लोकशाही उभी राहते, किंवा उभी राहिली नाही तर चिन्ह लौकरच पोकळ होते. नुसते सरकारी छत्र पुरेसे नाही. एखाद्या योजनेचे एकच नाव सर्व गटांच्या मालावर छापले, की योजना बदलताच नावही जाते, आणि बायकांच्या पदरात पुन्हा कोरे पाकीट पडते.

तेव्हा करायचे काय? माझ्या मते पाच गोष्टी आज, आहे त्या कायद्यात, करता येण्याजोग्या आहेत. एक, नाव असे निवडावे की जे आपल्या मालकीचे होऊ शकते. ‘शुद्ध’, ‘घरगुती’, ‘गोडा मसाला’ हे शब्द साऱ्या समाजाचे आहेत. त्यांवर एकाचा हक्क सांगता येत नाही आणि येऊही नये. दोन, वेष्टन छापण्यापूर्वी अर्ज करावा. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४५०० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. पुढे ती पुन्हा वाढवता येते. पहिल्या छपाईच्या खर्चाशी ताडून पाहिले तर ही रक्कम फार नाही, पण ती कोणाच्या खिशातून जाते आणि पावती कोणाच्या नावाने फाटते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. तीन, गटाला कायदेशीर व्यक्तित्व नसेल तर ते आधी मिळवावे. सहकारी संस्था करावी किंवा कंपनी करावी, पण नाव एका बाईच्या वा एका पुढाऱ्याच्या नावाने ठेवू नये. चार, व्यापाऱ्याशी व्यवहार करताना एक ओळ लिहून घ्यावी की, नाव व चिन्ह गटाचे असून विक्रेत्याला ते केवळ विक्रीपुरते वापरता येईल. पाच, एकदा ठरलेले अक्षर, रंग आणि मांडणी वर्षानुवर्षे बदलू नये. गिऱ्हाइकाची आठवण हेच लहान उद्योगाचे भांडवल असते, आणि वारंवार वेष्टन बदलणे म्हणजे ते भांडवल आपल्याच हाताने उधळणे होय.

शासनाकडे मागण्याजोगे एकच मागतो. कर्ज, प्रशिक्षण, प्रदर्शन यांसाठी महिला आर्थिक विकास महामंडळासारख्या यंत्रणा आहेत. त्यांच्या प्रत्येक जिल्हा कार्यालयात बचत गटांची चिन्हे मोफत नोंदवून देणारा एक जाणकार माणूस नेमावा. व्यापारचिन्हाचा अर्ज स्वीकारला गेला की तो नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि विरोध नोंदवायला चार महिने मिळतात. आमच्या गटाचे नाव व्यापाऱ्याच्या नावे प्रसिद्ध झाले तेव्हाही ते मिळाले होते. पण ते नियतकालिक आमच्या तालुक्यात वाचतो कोण? ज्यांचे नाव जात होते त्या सोळा बायका त्या चार महिन्यांत वाळवणे उन्हात घालीत होत्या.

आता त्या नोटिशीचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. एका वकीलमित्राने कागद पाहिले आणि दोन गोष्टी लक्षात आणून दिल्या. नोंदणी दुसऱ्याची असली तरी त्याच्या आधीपासून जो नाव सातत्याने वापरत आहे त्याला ती अडवू शकत नाही, असे १९९९ च्या कायद्यातच म्हटले आहे. आणि चुकीच्या हाताने झालेली नोंदणी रद्द करण्याचा अर्जही करता येतो. दुसरे असे की, जात्याच्या चित्राचा स्वामित्वहक्क ज्या मुलीने ते काढले तिचाच आहे. तिने कोणालाही तो लिहून दिलेला नाही. म्हणजे नोटीस दिसते तितकी भक्कम नव्हती. पण हे आम्हाला कळेपर्यंत बायकांनी भीतीपोटी उरलेली वेष्टने चुलीत घातली होती. पहिल्या दोन वर्षांची बिले, जी पुरावा म्हणून उपयोगी पडली असती, तीही त्यांतच गेली. उरलेल्या तीन-चार पावत्या, एका लग्नघरच्या मागणीची चिठ्ठी आणि शाळेची ती वही एवढ्या सामग्रीवर अर्ज दाखल झाला आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. मधल्या काळात गटाने सहकारी संस्था म्हणून नोंदणी केली, दुसरे नाव निवडले आणि छपाईच्या आधी त्याचा अर्ज केला. नवी पाकिटे कोरी आहेत. त्यांवर एका रंगाचा शिक्का आहे.

जुन्या नावाचा मसाला अजूनही दुकानांतून विकला जातो. तो कोण करते हे गिऱ्हाइकाला ठाऊक नाही. त्या अध्यक्षाबाई मागच्या आठवड्यात बाजारात भेटल्या तेव्हा सांगत होत्या की, रस्त्यात बायका त्यांना थांबवतात आणि रागावतात, “अहो ताई, तुमच्या मसाल्याला पहिली चव राहिली नाही.”